कसाऱ्याची उतरण

आयुष्यात मी एकच पुस्तक लिहिलं आणि त्यावर माझं नाव नव्हतं. बरंच झालं म्हणायचं. हाताच्या पंजाएवढं ते पुस्तक, ठाण्या-कल्याणकडून निघणाऱ्या रस्त्यांवर सायकलनं कसं जावं हे सांगणारं. आम्ही तेव्हा तिला पायगाडी म्हणायचो. एकोणिसावं शतक सरायला पाच-सहा वर्षं उरली असतील. मी कल्याणला राहायचो आणि ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. मुंबईच्या एका पारशी सॉलिसिटरना या पायगाडीचं भारी वेड. कचेरीतल्या कुठल्याशा जमिनीच्या कामात त्यांची-माझी ओळख झाली. माझं इंग्रजी बरं, अक्षर वळणदार आणि पिंढऱ्या दणकट, एवढं त्यांना पुरलं. आपली जुनी पायगाडी मला वापरायला दिली आणि म्हणाले, सुटीच्या दिवशी रस्ते पाहा, पाणी कुठे, सावली कुठे, चढ कसा, उतार कसा, सगळं लिहून आणा, मित्रमंडळींसाठी छापू. अट एकच घातली. जो रस्ता जाता-येता दोन्ही अंगांनी स्वतः चालवाल, तोच लिहायचा.

मी ती अट पाळली. मुरबाडचा रस्ता मी तीनदा चालवला, कारण एका ओढ्याचं नीट आठवेना. बदलापूरच्या खोऱ्यात चिखलात रुतलो, तेही लिहिलं. लोक काय काय विचारायचे! पडघ्याला एका म्हातारीनं मला चढावर पायगाडी ढकलताना पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "बैल मेला काय रं बाबा तुजा?" मला हसू आवरेना. तेव्हा मला हसू यायचं.

राहिला होता तो आग्रा रस्त्यावरचा थळ घाट. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली होडीत पायगाडी घालून खाडी ओलांडली, भिवंडी, पडघा करत रात्री शहापूरच्या धर्मशाळेत पडलो. दुसऱ्या दिवशी घाट चढलो. चढलो म्हणजे पायगाडी हातात धरून चाललो. त्या वेळच्या पायगाडीचं एक सांगायला हवं. चाक फिरेल तोवर पायटे, म्हणजे पेडल, फिरायचे, थांबायचं नाव नाही. त्यामुळे उतारावर पाय पायट्यांवरून उचलून पुढच्या खुंट्यांवर ठेवायचे आणि ब्रेकवर भिस्त ठेवायची. ब्रेक तरी काय, पुढच्या चाकावर दाबला जाणारा रबराचा एक तुकडा.

अर्ध्या घाटात वरून एक बैलगाडी आली. गाडीच्या मागे दोरानं भलामोठा ओंडका बांधलेला, तो रस्त्यावरून फरफटत होता. गाडीवान थांबला, माझ्याकडे आणि माझ्या यंत्राकडे बघून म्हणाला, "रावसायेब, उतरताना मागं झाडाची फांदी बांधा. न्हाईतर ही तुमाला घिऊन जाईल." मी बरं बरं म्हटलं.

इगतपुरीला पोचलो तेव्हा पाय गळून गेले होते, तळव्यांना फोड आले होते. स्टेशनात मुंबईकडे जाणारी आगगाडी उभी होती. पायगाडी गार्डाच्या डब्यात टाकली आणि कल्याणला उतरलो. कोण बघतंय, असं वाटलं. बस, एवढंच वाटलं, याहून मोठं काही कारण नव्हतं. मी शोधलंय, मला सापडलेलं नाही.

घरी बसून घाटाचं पान लिहिलं. चढ कठीण, चालावं. उतरण सोपी, ब्रेक पुरेसा, उजवीकडे दरीचं दृश्य रम्य. फांदीचं लिहिलं नाही. बूट-टोपीतले मुंबईचे गृहस्थ मागे फांदी फरफटवत चाललेत, हे कागदावर अगदी गावंढळ दिसलं असतं. सॉलिसिटरसाहेबांनी हस्तलिखित वाचून एकच विचारलं, "दोन्ही अंगांनी?" मी म्हटलं, "अर्थात." पुस्तक छापून आलं.

बायकोचा धाकटा भाऊ कल्याणातच शाळामास्तर होता. वडील नव्हते, तो आणि त्याची आई दोघंच. तो रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा आणि माझ्याच पायगाडीवर तलावाभोवती शिकला. पडायचा, उठायचा, धोतर झटकायचा आणि म्हणायचा, "भावोजी, पुन्हा धरा." माझ्या पुस्तकाचा त्याला कोण अभिमान! शाळेतल्या सगळ्या मास्तरांना दाखवून झालं. दिवाळीच्या सुटीत माझ्या पायगाडीनं नाशिकला मामाकडे जायचं आणि पायगाडीनंच परत यायचं, असं त्यानं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मला विचारलं, "भावोजी, उतरण लिहिलीय तशीच ना अगदी?"

आता सांगावं, असं मनात आलं होतं. निदान फांदीचं तरी. पण मग पुस्तकात का नाही, हे सांगावं लागलं असतं. त्याच्या मनातून उतरायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "छापलंय ते काय उगीच?" तो हसला आणि आत बहिणीकडे गेला.

जाताना घाट त्यानं नीट पार केला. नाशिकहून पोचल्याचं पत्र आलं. परतीच्या दिवशी दुपारी स्टेशनावरचा हमाल माझं घर शोधत आला. कसाऱ्याहून तार होती.

मी गेलो. कसाऱ्याच्या स्टेशनात एका खोलीत त्याला ठेवलं होतं, अंगावर घोंगडी. खडी पसरलेल्या एका वळणावर पायगाडी आवरली नाही, असं हवालदार म्हणाला. मी घोंगडी बाजूला करून पाहिलं. मला रडू आलं नाही. मी पायगाडीपाशी जाऊन ब्रेक पाहिला. रबराचा तुकडा पार झिजून गेला होता, नुसतं लोखंड उरलं होतं. म्हणजे बिचाऱ्यानं शेवटपर्यंत तो दाबून धरला होता. माझं पुस्तक त्याच्या कोटात होतं, ते त्यांनी मला दिलं, मी खिशात घातलं. मग मला भूक लागली. हे लिहायची लाज वाटते, पण लागली. स्टेशनमास्तरांच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं, ते मी सगळं संपवलं आणि वर पाणी प्यालो.

सासूबाईंनी हंबरडा फोडला, तो मी ऐकला. लोक बोलत होते, तेही ऐकलं. सासूबाई लोकांना सांगायच्या, "जावईबापूंनी सगळं लिहून दिलं होतं हो त्याला. त्यांनी काही कमी केलं नाही. माझंच कपाळ फुटकं." मी तिथेच बसलेला असायचो. एकदा नव्हे, येईल त्या माणसाला त्या हे सांगायच्या आणि मी मान खाली घालून बसायचो. लोकांना ते दुःख वाटायचं. ते दुःख नव्हतं. आत काहीच नव्हतं, बधिर झालेल्या पायावर चिमटा काढावा तसं होतं सगळं.

त्यांना आता दुसरं कोणी नव्हतं. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. रोज सकाळी माझ्या पानात त्या पहिला भात वाढायच्या. दोन वर्षांनी सॉलिसिटरसाहेबांचं पत्र आलं, पुस्तक संपलं, पुन्हा छापायचंय, काही दुरुस्ती? मी घाटाच्या पानावर लिहून पाठवलं, उतरताना मागे जड फांदी बांधावी, वळणावर उतरून चालावं. कारण दिलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. पायगाडी मी त्यांना परत करून टाकली होती. त्यानंतर मी कचेरीत गेलो, घरी आलो, बढती मिळाली, मुलीचं लग्न केलं. यातला एकही दिवस मला धड आठवत नाही. सासूबाई आहेत तोवर तोंड उघडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. त्यांना जावई तरी उरू दे. त्या गेल्या की बायकोला सांगायचं, मग तिनं मला घराबाहेर काढलं तरी चालेल.

सासूबाई अकरा वर्षांनी गेल्या. तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुपारी बायको ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तो घाट मी चढलो होतो, पण..."

"उतरणं झालं नव्हतं," ती म्हणाली. सुपातून नजर वर केली नाही.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"त्या दिवशी इकडून आगगाडीनं येणं झालं. खाडीकडून नाही, स्टेशनाकडून. पायगाडी हातात धरून. मी खिडकीतून पाहिलं होतं."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

तिचे हात थांबले. "कोणत्या तोंडानं बोलू? निघायच्या आदल्या दिवशी तो इथून उठून आत माझ्याकडे आला होता. म्हणाला, ताई, भावोजी जरा अडखळल्यासारखे वाटले. त्यांनी घाट स्वतः उतरून पाहिलाय ना? तू घरातलीच आहेस, तुला ठाऊक असेल. खरं सांग, नाहीतर मी येताना आगगाडीनं येईन."

"आणि तू?"

"माहेरच्या माणसापुढे इकडचं उणं कसं काढू? मी त्याच्यावर रागावले. म्हटलं, असं विचारवतं तरी कसं तुला? दोन्ही अंगांनी पाहिलाय त्यांनी." तिनं तांदळातला एक खडा उचलला आणि मुठीत धरून ठेवला. "आई माझ्या शेजारी निजायची. रोज त्याचं बोलायची. मी हुं हुं करायचे."

मला तेव्हा रडू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हुंदका असा आला की शेजारची बाई दारात येऊन बघून गेली, तिला वाटलं सासूबाईंसाठीच चाललंय. मी बायकोचा हात ओढून घेतला, सूप कलंडलं, तांदूळ ओटीभर झाले. खोटं मी बोललो होतो आणि माझी लाज राखायला तिनं आपला भाऊ घाटात पाठवला होता. अकरा वर्षं एका छताखाली जेवलो, निजलो, आणि मी समजत होतो की या घरात हे ओझं माझ्या एकट्याच्याच डोक्यावर आहे.