तालीम सुटली, खुराक राहिला

म्हशीच्या दुधाचा पहिला पेला माझा, हा आमच्या घरातला नियम मी शाळेत असताना ठरला आणि पुढं कित्येक वर्षं तो कुणी मोडला नाही. तेव्हा मी भवानीनगरजवळच्या एका तालमीत जायचो. पहाटे जोर-बैठका, मग मातीतली झटापट, आणि घरी आलो की वडील पितळी पेला भरून उभे. बदामाचं वाटण, भाकरीवर तूप, हे वेगळंच. यात्रांमधून मी बऱ्यापैकी कुस्त्या मारल्या. मग एकदा खांदा निखळला, तो पुरता बसला नाही आणि तालीम सुटली.

पुढं बारामती एमआयडीसीत नोकरी लागली. मोटारसायकलवर जायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, मोटारसायकलवर परत यायचं. व्यायाम गेला, पण खुराक तसाच राहिला. चाळिशी ओलांडेपर्यंत पोट चांगलंच पुढं आलं. वडिलांना त्यात वावगं वाटायचं नाही. "अंग भरलंय," असं ते कौतुकानं पाहुण्यांना सांगायचे.

एका वर्षी गावच्या यात्रेत मला कुस्त्यांना पंच म्हणून उभं केलं. एका जोडीतल्या पोराची पाठ टेकली का, हे बघायला मी मातीत गुडघ्यावर बसलो. निकाल दिला, आणि उठायला गेलो तर उठताच येईना. जिंकलेल्या पैलवानानंच काखेत हात घालून मला उभं केलं. लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. वडील समोरच बसले होते. ते मात्र हसले नाहीत, दुसरीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळचं जेवण बंद केलं. सकाळी लिंबू पिळलेलं गरम पाणी, दुपारी काकडी. वजन भराभर उतरलं. पण त्याबरोबर माझं बोलणंही तुसडं झालं. बायको काही विचारायला आली की मी वसकन अंगावर जायचो. असाच एकदा कामावरून येताना कालव्याच्या पुलाजवळ डोळ्यांपुढं अंधारी आली. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि दगडावर बसून राहिलो. मागून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं घरी आणून सोडलं. त्यानंतर जी भूक सुटली ती आवरेना. उतरलेलं सगळं अंगावर परत चढलं, वर थोडं जास्तच.

मग बारामतीत डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, "पैलवान, उपाशी राहू नका. जे म्हातारपणापर्यंत जमेल, तेवढंच बदला."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचं येगळं ताट मी वाढणार न्हाय. बदलायचं ते सगळ्यांचंच बदलू."

तसंच केलं. भाकरी राहिली, पण एक कमी झाली, आणि तिच्या जागी मटकीची उसळ आणि पालेभाजी वाढली. भाजीवरचा तेलाचा तवंग गेला. चहातली साखर कमी करत करत संपवली. उसाच्या गावात हे सांगायची चोरी होती. संध्याकाळी दिवेलागणीलाच जेवायचं ठरलं आणि जेवल्यावर मी चालायला निघू लागलो. दूध एका कपावर आणलं.

तिथंच अडलं. वडील नेहमीसारखा पेला भरून घेऊन आले. मी म्हणालो, "आबा, नको. एक कप झाला."

ते तसेच गोठ्याकडं गेले आणि सगळं दूध कुत्र्याच्या ताटलीत ओतलं. पुढं काही दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. एका लग्नात कुणीतरी त्यांना विचारलं, "पोरगं वाळलं की वो. साखर निघाली का काय?" ते तिथून तणतणतच घरी आले.

"लोक काय म्हणत्यात, ठाव हाय का? ह्यांच्या घरात खायला न्हाय व्हय?"

"आबा, मी आजारी न्हाय. मुद्दाम कमी करतोय."

"मग माझ्या हातचं का नको?" त्यांचा आवाज खाली आला. "तू तालमीला जायचास तवा दावणीला एकच म्हस व्हती. दूध तुला, ताक आमाला. तुझी आई कोरा चहा प्यायची. कवा बोललो का आमी?"

मला हे माहीतच नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिनंही कधी सांगितलं नाही. मी दूध नाकारत होतो, आणि त्यांच्या कानांवर भलतंच काहीतरी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या आधी गोठ्यात गेलो. शेण काढलं, वैरण कापली, धार काढली. हात भरून आले, कंबर धरली. ते येऊन दारात उभे राहिले तेव्हा मी पेला त्यांच्या पुढं केला.

"आता तुमी प्या. गोठ्याचं मी बघतो."

"मला काय कुस्त्या खेळायच्यात?" ते म्हणाले. पण पेला घेतला. पिऊन झाल्यावर म्हणाले, "विळा नीट धर. बोट तुटंल."

वजन सावकाश उतरलं. दिवाळीत थोडं चढलं, मधे कितीतरी महिने जागचं हललंच नाही आणि मी वैतागलो. बायको म्हणायची, "काटा बगू नका, जिना चढून बगा." दोन-अडीच वर्षांत गुडघ्यांची कुरकुर थांबली. पैलवानाचं अंग काही परत आलं नाही, आणि पोट अजून थोडं आहेच. कधी संध्याकाळी जुनी भूक उसळते. पूर्वी तिला लगेच खायला घालायचो. आता पाणी पितो, थोडं थांबतो, आणि खरीच भूक असेल तर खातो.

अलीकडं जेवण झालं की वडीलही चपला घालतात. उसाच्या कडेच्या रस्त्यानं ते सावकाश चालतात, आणि घरात कधी न काढलेले विषय काढतात. आईचं माहेर, पहिली म्हैस, माझा निखळलेला खांदा. डॉक्टर म्हणतात, भरभर चाला. म्हणून मी आधी एकटाच कालव्यापर्यंत भरभर जाऊन येतो. मग त्यांच्याबरोबर पुन्हा निघतो, त्यांच्या चालीनं.