घोरपडे निघाले वॉल्सॉलला, कातडं आणायला

धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि पुण्यात सासूबाईंनी माळ्यावरची तलवार खाली काढली. तलवार ठणठणीत होती, पण तिचा चामडी पट्टा हातात घेताच भुगा झाला. मी इकडून, लंडनच्या हाउन्सलोहून, फोनवर पटकन बोलून गेले, "मी करते नवीन!" दिवसा बँकेचं सॉफ्टवेअर आणि बुधवारी संध्याकाळी कौन्सिलच्या क्लासमध्ये चामड्याचं काम, हे माझं हल्लीचं वेड.

सासरे, म्हणजे आप्पा, तेव्हा आमच्याकडेच राहायला आले होते. ते पेपरामागून म्हणाले, "कर. पण मांडवात कुणी विचारलं तर विकत आणला म्हणू. घोरपड्यांची सून चामडं कापते, हे चारचौघांत कशाला?"

मला ते लागलं. चांगलंच लागलं. मग ठरवलं, पट्टा असा करायचा की आप्पांनी तो लपवता कामा नये. खाली म्हशीचं जाड कातडं आणि वर मधोमध खवल्यांची शोभेची पट्टी. असली वेगळी कातडी मिळतात वॉल्सॉलला. बर्मिंगहॅमला लागूनच असलेलं हे गाव पिढ्यान् पिढ्या घोड्यांची खोगिरं बनवत आलंय. नवऱ्याला सुट्टी नव्हती. आप्पा म्हणाले, "एकटी कशाला, मी येतो." सोबत म्हणून की पहाऱ्यावर, देव जाणे.

ट्रेनचं भाडं बघून घाम फुटत असेल तर सरळ कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने जा. हाउन्सलोहून हीथ्रोपर्यंत लाल बस, तिथून बर्मिंगहॅमचा कोच. आधी बुक केलात तर निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. मोटरवेच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक शेतं होती. आप्पा खिडकीला नाक लावून बसले होते. "एवढी शेती, आणि बांधावर एक माणूस नाही," ते दर थोड्या वेळाने म्हणत. बर्मिंगहॅमला कोच स्टेशनवरून चालत न्यू स्ट्रीट रेल्वे स्टेशनला गेलो आणि वॉल्सॉलची लोकल ट्रेन पकडली.

तिथल्या चिप्स खाल्ल्याशिवाय परतू नका. बटाट्याच्या जाड फोडी नारिंगी पिठात बुडवून तळतात. आप्पांनी एक तोंडात टाकली आणि जाहीर केलं, "ही तर बटाट्याची भजी! फक्त मीठ आणि अक्कल कमी पडलीय." तरी पुडा त्यांनीच संपवला.

दुकान एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. दार उघडताच कातड्याचा वास आला आणि आप्पांचा रुमाल नाकावर गेला. मालकीणबाईंचं नाव पॅट. त्या सगळ्यांना 'बॅब' म्हणतात, आपल्या 'बाळा'सारखं; दचकू नका. नवशिक्यांसाठी तीन गोष्टी: कातडं खिडकीच्या उजेडात धरून भोकं बघा, आणि दुमडून खवला उचकटतोय का ते पाहा. वरून सगळीच सुंदर दिसतात, म्हणून मागची बाजूही बघा.

तिसऱ्या कप्प्यात मला ते दिसलं. करड्या रंगाचं, बारीक मण्यांसारखे खवले, वर फिकट ठिपक्यांचे पट्टे. मी तर पाघळलेच.

"दॅट्स मॉनिटर, बॅब. लव्हली, इझण्ट इट?" पॅट म्हणाल्या.

मॉनिटर! मला वाटलं, प्रतवारी असणार. वर्गात मॉनिटर असतो तसा कातड्यांमधला पहिला नंबर. अक्कल गहाण ठेवून मी कार्ड काढलं. पॅटनी ते मशीनमध्ये घातलं.

"मॉनिटर म्हणजे कोणता प्राणी गं?" आप्पांनी रुमालाआडून विचारलं.

मी तोच प्रश्न पॅटना विचारला. त्यांनी भिंतीवरच्या प्राण्यांच्या चित्रांच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. आप्पांनी चष्मा चढवला, तक्त्याजवळ गेले आणि तिथेच थिजले.

"सुजाता," ते हळूच म्हणाले, "अगं, ही घोरपड आहे."

पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून गड सर केला, त्यावरून आमचं आडनाव पडलं असं घरात सांगतात. गावी आजही तिच्यावर कुणी काठी उगारत नाही. "नो, नो, स्टॉप!" मी एवढ्या जोरात ओरडले की पॅटनी कार्ड उपसूनच काढलं. ते कातडं भारतात न्यायचं होतं म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "परवाना काढल्याशिवाय नेऊच नकोस, बॅब. अडकशील." आपल्याकडे तर घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे विमानतळावरही शोभा झाली असती.

आता आप्पा म्हणणार, बघितलंस, म्हणूनच नको म्हणत होतो. मी मान खाली घालून उभी राहिले. पण आवाज आला तो हसण्याचा. आप्पा स्टुलावर बसून डोळे पुसत होते.

"वरात निघालीय, घोड्यावर घोरपडे आणि कमरेला घोरपड! अगं, पाहुण्यांनी सात पिढ्या पुरवून पुरवून सांगितलं असतं!"

माझा जीव भांड्यात पडला. मीही हसत सुटले. काहीच न कळता पॅटही हसल्या आणि त्यांनी चहा टाकला. चहा पिता पिता आप्पांचा रुमाल कधी खिशात गेला ते कळलंच नाही. मग ते स्वतः कप्पे उघडू लागले. लांबट खवल्यांची एक पट्टी त्यांनी माझ्यासारखीच खिडकीत धरली, दुमडली, उलटून पाहिली.

"हे कुणाचं?"

"शहामृगाच्या पायाचं, आप्पा."

"शहामृगे आडनावाचं कुणी आहे का आपल्या नात्यात?"

"नाही."

"मग घे."

परतीच्या कोचमध्ये पुडकं त्यांच्याच मांडीवर होतं.

या प्रवासातून घरी काय आलं म्हणाल, तर म्हशीची आणि शहामृगाची अशा दोन पट्ट्या, 'मॉनिटर' हा एक नवा शब्द आणि पुष्कळसं हायसं वाटणं. पट्टा शिवून झाला तेव्हा मी तो आप्पांपुढे ठेवला. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मागची बाजू पाहिली.

"नाव कुठाय?"

"कुणाचं?"

"करणारीचं. मांडवात लोक विचारतील, त्यांना दाखवायला नको?" ते म्हणाले. "आडनाव राहू दे, ते त्या घोरपडीचं आहे. नुसतं सुजाता घाल."

माझ्याकडचे ठसे सगळे इंग्रजी अक्षरांचे. म्हणून पात्याने मराठीत कोरलं. आप्पा शेजारी दिवा धरून बसले होते, आणि 'ता'चा काना जरा वाकडा आला तर म्हणाले, "असू दे, हाताचं आहे हे कळायला हवं."