पाहुण्याचं पान आणि काळा पडदा

"भावजी, पुन्हा काळं झालं!"

वहिनींची ही हाक किल्ल्यावरच्या कबुतरांनी ऐकली, बड़ा बाज़ारातल्या गिऱ्हाइकांनी ऐकली, आणि त्या दिवशी कोसांवरच्या टहरौली गावात एखादी म्हैस दूध द्यायची थांबली असेल तर तिला या हाकेनेच दचकवलं असणार. मी धावलो. कॉम्प्युटरचा पडदा तव्यासारखा काळा. नुकतंच त्यावर एका गृहस्थांचं घर उभं राहत होतं. न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर बांधून दाखवणं हा वहिनींचा व्यवसाय. ते गृहस्थ बरुआसागरहून येऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. आज घर दिसलं नाही तर काम दुसऱ्याला, हे त्यांनी चपला काढतानाच सांगितलं होतं. वहिनींना एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं.

मी घरातला तज्ज्ञ. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाकडून पडद्यावर चित्र काढून घेणारा प्रोग्रॅम, आदल्या दिवशी आपोआप नवा झालेला दिसला. चोर सापडला म्हणून मिशीला पीळ दिला (मिशी नाही, तरी दिला) आणि जुना ड्रायव्हर घातला. काळं. त्याहून जुना घातला. काळं. पेशवाईतला मिळाला असता तर तोही घातला असता. ड्रायव्हरची तक्रार एकच: मेमरी मागतो, मिळत नाही. आणि बघावं तर निम्मी मेमरी रिकामी पडलेली.

बाहेरून आवाज आला, "बहूजी, मकान दिखाओगी कि शाम यहीं करा दोगी?"

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. काळजी वाढली की त्या पोळ्या लाटतात. मी मागोमाग गेलो आणि कोपऱ्यातल्या झाकलेल्या पानातली एक पुरी उचलणार, तोच हातावर चापट बसली. ते पान पाहुण्याचं. पूर्वज मराठी फौजेबरोबर इथे उत्तरेत आले तेव्हापासूनची रीत आहे म्हणतात. कुणी जेवायच्या आधी एक पान वाढून झाकायचं, न कळवता येणाऱ्यासाठी. घरच्यांनी उपाशी राहावं, पण त्याला हात लावू नये. पुण्यातली नोकरी गेल्यावर मी न कळवता दारात उभा राहिलो, तेव्हा हेच पान माझ्यापुढे आलं होतं. किती दिवस राहणार, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी हात चोळत उभा राहिलो आणि डोक्यात दिवा लागला. अन्न समोर, आणि घरचा उपाशी. आत कॉम्प्युटरमध्ये हेच चाललं होतं.

ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, कर्नल, तो मेमरीचा कोठीवाला. किल्ली त्याच्या कमरेला. थोडी मेमरी तो स्वतःजवळ राखतोच, पण निम्मी राखून ठेव असं त्याला शिकवणारा माणूस आमच्याच घरचा असणार. दादाला ऑफिसात फोन लावला. हे मशीन त्यानेच जोडलं होतं.

"दादा, कर्नलला मेमरी राखायला तू सांगितलंस?"

"निम्मी," तो अभिमानाने म्हणाला. "ऐनवेळी कुणाला लागली तर?"

"कुणाला?"

"ते आधी कळलं तर ऐनवेळ कसली?"

छोटी घरं उरलेल्या निम्म्यात मावत होती, हे मोठं घर मावेना. बिचाऱ्या ड्रायव्हरला मी उगाच चोर ठरवलं होतं. राखीव हिस्सा नेहमीसारखा चिमूटभर केला, नवा ड्रायव्हर सन्मानाने परत बसवला, मशीन पुन्हा सुरू केलं. घर उभं राहिलं, खिडक्यांच्या जाळीदार नक्षीसकट. त्या क्षणी बेतवा नदी उलटी वाहिली असती तरी मला नवल वाटलं नसतं. गृहस्थांनी पडद्यावर घरभर फिरून घेतलं, जिना डावीकडे हवा म्हणाले आणि काम देऊन टाकलं. उठायला लागले तर वहिनींनी त्यांना हात धुवायला लावले. झाकलेलं पान उघडलं. गृहस्थ जेवले, म्हणजे असे जेवले की घराचा पाया आमच्याकडेच भरून घ्यावा.

ते गेल्यावर आम्ही बसलो. कितीतरी दिवस मनात होतं ते मी बोलून टाकलं.

"वहिनी, मी आलो त्या दिवशी ते पान नसतं, तर मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो असतो. हे कधी सांगितलं नाही तुम्हाला."

वहिनींनी पातेल्यात डाव फिरवून पाहिला.

"भाजी संपली. कढी घ्या."