बिडाची पन्हळ आणि खांबाचे दोन वेढे

आमच्या घराची बिडाची पन्हळ मी उतरवली, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. आता सत्तरी उलटली, खोटं किती दिवस सांभाळायचं? पन्हळ सासूने उतरवली. मी शिडीवर अडकून पडले होते.

घर डिचोलीकडे, रस्त्याला लागून. कौलांच्या कडेची ती ओतीव लोखंडाची पन्हळ सासऱ्यांनी पोर्तुगिजांच्या वेळी बसवलेली. पुरुषभर लांबीचे तुकडे, बोल्टने एकमेकांना जोडलेले, खाली लोखंडी आकड्यांवर टेकलेले. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी ते सांध्यांत तडकले आणि पाणी भिंतीवर उतरू लागलं. नवऱ्याने जस्ताच्या पत्र्याच्या हलक्या पन्हळी करून आणल्या आणि तो वास्कोला बंदरावर कामाला गेला.

"जुनी शनिवारी येऊन काढतो. तोवर हात लावू नको," म्हणाला.

मी चोवीस वर्षांची. हात लावू नको म्हटलं की माझे हात शिवशिवायचे. गुरुवारी दुपारी मी शिडी लावली. त्यातही नायलॉनची नवी साडी नेसून, कारण त्या वेळेला पणजीची बस दारावरून जायची आणि बसमधल्या लोकांनी मला बघावं अशी माझी इच्छा होती. कुणी बघितलं नाही. बरंच झालं.

सासूला आम्ही मांय म्हणायचो. अंगाने काटकुळी, दिवसभर सोप्यावर बसून मला काहीतरी शिकवत असायची. माझ्या मते तिला बोलण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी टोकाच्या तुकड्याला मधोमध सुंभाचा दोर बांधला, वरच्या वाशावरून खाली सोडला आणि तिच्या हातात दिला.

"नुसता धरून रावा, मांय. पोकळ तर आहे."

"पोकळ?" ती म्हणाली. "तू वर वाकून बघलंस?"

मी बघितलं नव्हतं. खाणीचे ट्रक दारावरून जायचे, त्यांची तांबडी धूळ कौलांवर बसायची. ती मी घरात रोज पुसत होते. पण तीच धूळ पावसाबरोबर पन्हळीत उतरते आणि उन्हात वाळून दगड होते, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

सांध्याचा बोल्ट रॉकेल घालून सोडवला. मग पहिल्या आकड्यावर पान्याने एक ठोका दिला, तर गंजलेले दोन्ही आकडे एकापाठोपाठ तुटले. तुकडा हातभर खाली आला, दोराला लटकला, आणि त्याचं एक टोक माझ्या साडीच्या निऱ्यांसकट शिडीच्या पायरीवर दाबून बसलं. मला वर जाता येईना, खाली येता येईना. दोर सुटला असता तर पन्हळ, शिडी आणि मी, तिघी एकदम अंगणात.

खाली बघितलं. मांयने दोराचे दोन वेढे सोप्याच्या खांबाला कधीच घेतले होते. टोक दोन्ही मुठींत धरून ती पाय रोवून उभी होती.

"मांय, ओढा."

"ओढायचा नसता गो. माहेरी गोठ्यातले पाडे असेच धरले मी. खांब धरता, आपण फक्त सोडायचा नाय. तू गप रव."

मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पाळी संपवून खाणीवरचा फिटर डबा हलवत घरी चालला होता. आताच्या सिंधुदुर्गातला, आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा. धावत आला आणि दोर घ्यायला हात पुढे केला.

"माका सोड," मांय म्हणाली. "तिका बघ."

त्याने शिडी धरली. "वयनी, पाना हा मा हातात? माती उकरून टाका. आधी ह्या पन्हळीचा पोट रिकामा करा."

मी उकरत राहिले. तांबड्या मातीची ढेकळं खाली पडत होती, काही त्याच्या डोक्यावर. तुकडा हलका होत गेला, तशी मांयने दोर बोटबोट सैल केला. साडी सुटली, फाटून. मग पन्हळ जमिनीवर टेकली, आवाजसुद्धा न करता.

मांयने मुठी उघडल्या तेव्हा तळवे सोललेले होते. तिला चार दिवस भात कालवता येईना. पाववाला पदेर सायकलवरून आला की मी पाव घ्यायचे आणि चहात बुडवून भरवायला जायचे. "मी काय बाळ?" म्हणायची, आणि तोंड उघडायची.

शनिवारी नवऱ्याने विचारलं, "ही कुणी काढली?"

"आमी दोगांनी," मांयने सांगितलं.

"आणि हाताला काय झालं?"

"चुलीत भाजला," मांय म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे काढायचे होते. आधी मी सगळ्यांची पोटं रिकामी केली, जुनेर नेसून. नवरा शिडीवर चढला आणि फिटरला म्हणाला, "दोर तू धर."

"तो नको," मांय सोप्यावरून म्हणाली. "तुझी बायल धरतली. तिका येता आता."

त्याने वरून माझ्याकडे संशयाने बघितलं. मी खांबाला दोन वेढे घेतले, पाय रोवले आणि त्याला म्हटलं, "काढ."