बारा वर्षांच्या मुलीचं जपानी

माझी आत्या पद्मजा कोठारे बारा वर्षांची होईपर्यंत जपानात ओसाकाला वाढली. माझे आजोबा मुंबईच्या एका कापसाच्या कंपनीचे तिथले एजंट होते. आजी गेली तेव्हा आजोबा दोन्ही मुलांना घेऊन ठाकूरद्वारच्या घरी परत आले. माझे वडील, माधव, तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते, त्यांना जपानातलं काहीच आठवत नसे. आत्याला मात्र सगळं आठवत होतं. पुढे तिने लग्न केलं नाही, फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट झाली. कुणी विचारलंच तर ताठ मानेने सांगायची, "मला जपानी येतं." मुंबईत ते तपासणार कोण?

अठ्ठावन्न साली परळच्या एका हॉस्पिटलातल्या तीन नर्सेसना क्षयरोग्यांची शुश्रूषा शिकायला तीन आठवडे ओसाकाला पाठवायचं ठरलं. दुभाषी मिळेना. आत्याच्या साहेबांनी तिचं नाव सुचवलं. मुलींची राहणी, फिरणं, करमणूक, सगळं तिनेच बघायचं होतं.

मुली तिघी होत्या. भायखळ्याच्या चाळीतली शैला रणपिसे. तिच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. लालबागची बेबी तावडे, मालवणी आणि बोलघेवडी. आणि दादरची राधा, जी बोटीवर बहुतेक वेळ आडवीच होती. आत्याने त्या प्रवासात त्यांना रोज एक शिस्तीचा धडा दिला. मोठ्याने हसायचं नाही, पानात टाकायचं नाही, रस्त्यात एकमेकींना हाका मारायच्या नाहीत.

"बाई, मग करायचं काय?" बेबीने विचारलं.

"बघायचं," आत्या म्हणाली.

ओसाकाजवळच्या कोबे बंदराच्या धक्क्यावर हॉस्पिटलचे मोरिता नावाचे गृहस्थ घ्यायला आले होते. आत्याने कमरेत वाकून, सत्तावीस वर्षं मनात घोटलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. मोरितांचा चेहरा क्षणभर चमत्कारिक झाला. त्यांच्याबरोबरच्या तरुण नर्सने तोंडावर हात धरला. आत्याला वाटलं, परदेशी बाईला इतकं छान बोलता येतं म्हणून त्यांना आश्चर्य वाटलं असेल.

पुढचे तीन दिवस असंच होत राहिलं. आत्या बोलली की दुकानदार गालात हसायचे, वॉर्डातले आजारी म्हातारे प्रेमाने माना डोलवायचे. चौथ्या दिवशी ट्राममध्ये एक शाळकरी मुलगी आईशी हट्ट करत होती. शैलाला जपानी येत नव्हतं, पण तिचा कान तिखट होता. ती सहज म्हणाली, "बाई, ही पोरगी अगदी तुमच्यासारखं बोलते. तसाच लाडिक हेल, शेवटी तसंच लांबवणं."

आत्याने ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं. शेजारच्या मुलींशी खेळताना जी भाषा तिच्या तोंडात बसली, तीच ती अजून बोलत होती. एकोणचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, नऊवारी सोडून नुकतीच पाचवारी नेसू लागलेली बाई, सेम्बा नावाच्या व्यापारी पेठेतल्या बारा वर्षांच्या मुलीसारखी बोलत होती.

त्यानंतर आत्याने जपानी बोलणं बंदच केलं. मोरितांशी इंग्रजीत, आणि तेही कामापुरतं. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, त्यामुळे निम्मं काही कळेना. मुलींना किल्ला दाखवला, नदीकाठची रंगीत दिव्यांची गल्ली दाखवली, पण सांगणारं कुणी नाही. जेवताना पुढ्यात काय आहे ते विचारायची सोय उरली नाही. राधा नुसता भात खाऊ लागली.

दोन दिवसांनी दुपारी शैला आत्याच्या खोलीत आली.

"बाई, माझं चुकलं का?"

"नाही गं. तू खरं तेच बोललीस."

शैला दाराशीच उभी होती. आत्याने तिला बस म्हटलं तेव्हा ती बसली. "ट्रेनिंगला लागले ना, तेव्हा माझ्या बोलण्याला सगळ्या हसायच्या. चाळीतली भाषा माझी. मी दोन महिने तोंड उघडलं नाही. मग वॉर्डात आमच्याकडची एक म्हातारी आली. डॉक्टरांचं शुद्ध तिला कळेना, औषध घेईना. मी आपल्या भाषेत बोलले, तर घेतलं. तेव्हापासून मी बोलते. हसतात त्या हसतात."

आत्याने उठून चहा केला आणि दोघींनी तो खिडकीत बसून घेतला. भायखळ्याच्या मुलीसाठी आपण कधी चहा केला नव्हता, हे आत्याने मला फार वर्षांनी, मान खाली घालून सांगितलं.

त्या शनिवारी हॉस्पिटलने पाहुण्यांसाठी चहापान ठेवलं होतं. तिथे कुणीतरी विचारलं, "मुंबई हिंदुस्थानच्या कोणत्या राज्यात येते?" मोरितांनी प्रश्न इंग्रजीत सांगितला. तिघी मुली एकदम बोलू लागल्या. "संयुक्त महाराष्ट्रात!" बेबी म्हणाली. "अजून व्हायचाय तो," राधाने दुरुस्ती केली. "होणारच," शैला म्हणाली. सगळे आत्याकडे बघू लागले.

द्वैभाषिक राज्य, आयोग, चळवळ, यांतला एकही शब्द आत्याला जपानीत ठाऊक नव्हता. बारा वर्षांच्या मुलीकडे असतात तेवढेच शब्द होते. तिने श्वास घेतला आणि जपानीत म्हणाली, "मुंबई आमचीच आहे. पण ते देत नाहीत. आम्ही मागत राहणार."

सगळं दालन हसलं. आत्याही हसली. मुलींनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत तिच्याजवळ आले. हे इनोउए, पूर्वीचे कापडाचे व्यापारी. ते म्हणाले, "तुम्ही आमच्या पेठेचं बोलता. युद्धात पेठ जळली, माणसं पांगली. आता माझी नातवंडंसुद्धा रेडिओसारखं बोलतात. अजून थोडं बोला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघींना सेम्बात नेलं. रुंद रस्ते, नव्या इमारती. आत्याला एकही कोपरा ओळखू येईना. इनोउए काठीने दाखवत होते, इथे दोरेवाला, इथे तुमच्या वडिलांची कंपनी असावी, इथे विहीर. विहीर म्हटल्यावर आत्या थांबली. तिथे ती चेंडूचा खेळ खेळायची. तिने ते खेळातलं गाणं म्हणायला सुरुवात केली, अर्ध्यावर विसरली, तर इनोउएंनी पुढचं म्हटलं. बेबीने चेंडू विकत आणला. मग भर फूटपाथवर आत्याने तिघींना तो खेळ शिकवला. मुली मोठ्याने हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. आत्याने एकदाही टोकलं नाही.

उरलेले दिवस फार मजेत गेले, असं शैलामावशी अजून सांगते. मी तिला मावशीच म्हणते, कारण परतल्यावर ती दर रविवारी ठाकूरद्वारला यायची. पहिल्या वेळी आमच्या घरात थोडी चुळबुळ झाली. आत्याने तिला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि वाढायला घेतलं. मग बाकीचेही जेवायला बसले.

दिवाळीत इनोउएंचं पत्र आलं. आत्याला ते वाचता येईना. जपानातली शाळा बाराव्या वर्षीच सुटल्याने अवघड अक्षरं ती शिकलीच नव्हती. त्या आठवड्यात तिने जपानी लिपीचं पुस्तक मिळवलं आणि ऑफिसातून आल्यावर रोज गच्चीत बसून पाटीवर अक्षरं गिरवू लागली. पत्राचं पहिलं पान पुरतं लागायला तिला होळी उजाडली.