सुशीलाबाईंची उजळणी

दातांच्या दवाखान्यात माणूस अर्धा तास तोंड उघडून बसतो, पण त्याला बोलता येत नाही. दात निघाला की साठलेलं सगळं एकदम बाहेर! त्यामुळे खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या आमच्या दवाखान्यात माझ्याकडे दातांपेक्षा किस्सेच जास्त जमले.

मी नवा बी.डी.एस., मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. एम.डी.एस.च्या प्रवेशाला एकदा आपटलो होतो. दुसरा प्रयत्न शेवटचा, नियमच तसा होता. म्हणून पेशंट नसला की पुस्तकात लाल पेन्सिलीने खुणा करत मोठ्याने पाठ करायचो. ऐकायला सुशीलाबाई. चौथी शिकलेल्या, वीस वर्षं इथे हत्यारं उकळणाऱ्या.

*

लाल खूण पहिली : खालच्या दाढेचं इंजेक्शन नीट बसलं की अर्धा ओठ बधिर होतो. हे मला पाठ होतं, पेशंटला सांगायचं मात्र राहिलं. शेलूचे एक शेतकरी दाढ काढून बाहेर पडले आणि दोन मिनिटांत तोंड दाबून परत.

"डाक्टर, दाढ काडली ती काडली, माजा अर्दा व्हट कुटं ठेवलात?"

सुशीलाबाईंनी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्या हातात दिला. "मोजून घ्या, दादा!"

*

दात काढल्यावर दिवसभर थुंकायचं नाही. थुंकलं की जखमेतली रक्ताची गुठळी निघते आणि तिसऱ्या दिवशी माणूस ठणक्याने नाचतो. तंबाखूवाल्या एका गावपुढाऱ्याला सुशीलाबाईंनी हे असं काही मनात भरवलं, की गडी दिवसभर तोंड मिटून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको काकड्या घेऊन हजर. "बाई, घरात लई शांती हाय. अजून एक दात काडा की!"

*

एक डोंगरवाडीचे काका डावा जबडा धरून आले. मी आरसा घालून सगळे दात ठोकून पाहिले, एकही किडलेला नाही.

"कधी दुखतं?"

"वाडीवर चढताना. बसलो का थांबतं."

तरी मी दात काढायचा चिमटा शोधतोय तोवर सुशीलाबाई गरजल्या, "चढताना दात दुखतो? दात काय पायाला हाय?"

मोठ्या डॉक्टरांनी काकांना तसंच मोठ्या इस्पितळात धाडलं. दुखणं हृदयाचं होतं. काका वाचले. हे लक्षण माझ्या पुस्तकात लाल खुणेसकट होतं, याची मला आजही लाज वाटते.

*

खालापुरात कबड्डीचा सामना. शेवटच्या चढाईला पंचांनी "औट" ओरडायला तोंड उघडलं आणि जबडाच निखळला! तोंड मिटेना. बिचारे हाताने दाखवत होते, पण एक संघ अडून बसला, "तोंडानं सांगितल्याबिगर मानायचं नाय!" दोन्ही संघ पंचांना टेंपोत घालून आमच्याकडे.

मोठे डॉक्टर बाहेर गेलेले. मी पुस्तकाबरहुकूम अंगठे दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मागे ढकललं. जबडा खटकन बसला, माझ्या अंगठ्यावर!

मी किंचाळलो. दोन्ही संघ त्याहून मोठ्याने ओरडले, "निकाल सांगा, निकाल!"

आयोडीन लावताना सुशीलाबाई म्हणाल्या, "फडकं गुंडाळल्याबिगर मोठे डाक्टर हात घालत नाय. पुस्तकात नाय का लिवलेलं?"

लिहिलेलं होतं. तिथे लाल खूण नव्हती.

*

मग मुंबईला एम.डी.एस.ची मुलाखत. माझ्या आधीचा मुलगा पडक्या चेहऱ्याने बाहेर आला. "सगळं बरोबर सांगितलं रे, तरी म्हातारा खूश नाही."

म्हाताऱ्या परीक्षकांनी प्लास्टरचा जबडा पुढे सरकवला. "निखळलाय. बसवून दाखवा."

मला एक शब्द आठवेना. हात मात्र आपोआप खिशात गेला. मी रुमाल काढला आणि अंगठ्याला गुंडाळू लागलो.

"थांबा. हे कुणी शिकवलं?"

"सुशीलाबाईंनी."

"कुठल्या कॉलेजच्या?"

"चौथी पास आहेत, सर. आमच्याकडे हत्यारं उकळतात."

त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. अंगठ्यावर दातांचे जुने व्रण होते.

"आमच्याकडे असायला हव्या होत्या," ते म्हणाले आणि माझ्या नावापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.