फौजदाराचा वाटा आणि माझा शिक्का

सोनू तांडेल माझ्या टेबलाच्या कडेवर दोन्ही पंजे रोवून, खांदे कानापर्यंत चढवून बसला होता. छातीत एवढ्या शिट्ट्या वाजत होत्या की स्टेथोस्कोप लावणं म्हणजे नुसता देखावा. बाहेर कट्टा गावच्या बस थांब्यावरची माणसं खिडकीतून डोकावून फुकटची करमणूक करून घेत होती. मी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी त्याला बोलता यायला लागलं, आणि बोलता आल्यावर पहिलं वाक्य हे:

"डाक्टरांनु, काय व्हया ता करा. पण सुण्याचा नाव काढू नकात."

सुणो म्हणजे कुत्रा. मी कपाळाला हात लावला. कारण दम्याचं मूळ तो कुत्राच होता, आणि ते मी आठवड्यापूर्वीच त्याला पुराव्यासकट दाखवलं होतं.

साल सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल. मी एल.सी.पी.एस. ही डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन मालवणजवळच्या या कट्ट्याला दवाखाना थाटला होता. मूळचा साताऱ्याकडचा, म्हणजे इथल्या भाषेत घाटी डाक्टर. सोनू किनाऱ्यावरच्या तोंडवलीचा, तिथल्या मासेमारांचा तांडेल म्हणजे म्होरक्या. मालवणचे दोन डॉक्टर करून झाल्यावर, आता उरलाय कोण म्हणून तो माझ्याकडे आला होता.

दमा म्हणजे काय, ते सोपं आहे. फुप्फुसातल्या बारीक नळ्या आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर यायला तयार नसते. का आवळतात, हे मात्र सोपं नाही. तेव्हा ॲलर्जी हा शब्द आमच्यातही नवाच होता. एखादी साधी, निरुपद्रवी वस्तू अंगाला शत्रू वाटते आणि अंग उगाच लढाई पुकारतं, तिला ॲलर्जी म्हणतात. आता मी पडलो जन्माचा शाकाहारी. मला संशय कुणाचा येणार? मी सोनूचे मासे बंद केले. तोंडवलीच्या तांडेलाचे मासे! आजही आठवलं की माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

सोनूची बायको सावित्री कट्ट्याच्या बाजारात मासे विकायला बसायची. पुढचे पंधरा दिवस ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होती, "घेवा गो बाय, बांगडे ताजे आसत. फकत त्या घाटी डाक्टराक दाखवू नकात, लगेच चिठी लिवन बंद करता."

पंधरा दिवसांत सोनूचं वजन उतरलं. दमा जिथल्या तिथे.

मग मी स्क्रॅच टेस्ट केली. हातावर सुईने बारीक ओरखडे काढायचे, प्रत्येक ओरखड्यावर एकेका संशयिताचा थेंब टेकवायचा आणि वीस मिनिटं वाट बघायची. जिथे गांध उठेल तो चोर. मी बांगडा लावला, कोळंबी लावली, घरातली धूळ, कोंबडीचं पीस आणि कुत्र्याचे केस भिजवलेलं पाणी लावलं. बांगडा निर्दोष सुटला. कुत्र्याच्या जागी अधेलीएवढी गांध उठली.

"बघ. हा तुझा चोर. कुत्रा सोडून दे."

"बायलेक सोडूक सांगा. घटकाभर इचार तरी करीन."

सावित्री शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "बगलास? ह्या असा आसा. पयलो सुणो, मगे रापण, मगे देव. माझो लंबर खंय ता इचारू नकात."

या कुत्र्याचं नाव फौजदार. तांबूस रंग, एक कान फाटका. समोरच्याच्या ताटातलं न विचारता उचलायचा म्हणून गावाने हे नाव ठेवलेलं. पण गावात त्याचा मान खऱ्या फौजदारापेक्षा जास्त होता, आणि त्याचं कारण रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अजस्र जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणते. मग एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं लागतात. तांडेल मध्ये उभा राहून पाण्याचा रंग बघतो आणि हाळी देतो. त्याच्या हाळीवर दोन्ही टोकं सारखी ओढली गेली पाहिजेत. एक टोक पुढे गेलं की जाळं दुमडलं आणि मासे पसार. म्हणजे तांडेलाची सगळी मालमत्ता त्याच्या छातीत. आणि दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो कुणी का असेना, हा तिथला कायदा.

फौजदार पिल्लू असताना दोराचं शेपूट दातात धरून मागे ओढायचा. एका भरघोस रापणीच्या दिवशी कुणी म्हाताऱ्याने थट्टेत म्हटलं, दोर ओढलान, तेका वाटो द्या. दिला. आणि रापणीत एकदा दिलेला वाटा काढून घेणं म्हणजे महापाप. तेव्हापासून फौजदाराला अर्धा वाटा. वाळूवर माणसांच्या ढिगाऱ्यांच्या शेवटी त्याचा छोटा ढीग, आणि तो सोनूच्या घरी जायचा. सोनूच्या चुलतभावाच्या, विश्रामच्या डोळ्यात हा ढीग सलत होता. विश्रामला तांडेल व्हायचं होतं हे तर गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं. मी आपला हुशारी करायला गेलो. तोंडी सांगून सोनू ऐकत नाही ना? मग लेखी देऊ. मी लेटरहेड घेतलं आणि शुद्ध मराठीत लिहिलं: "रुग्णास कुत्र्याच्या सान्निध्यामुळे दम्याचा विकार जडला आहे. त्याने कुत्र्यासोबत राहणे वा काम करणे धोक्याचे आहे." खाली सही. सहीखाली शिक्का. रबरी शिक्का नुकताच करून आणला होता आणि मारायची हौस भारी. चिठ्ठी सावित्रीच्या हातात दिली. म्हटलं, घरात भिंतीला लाव.

चार दिवसांनी ती मासे न आणता आली. टोपली रिकामी. दवाखान्यात चार पेशंट बसलेले, त्यांच्या देखत तिने सुरुवात केली.

"बरा केलास डाक्टरांनु! तुमच्या चिठयेन माझो घोव घराक बसलो."

"का? काय झालं?"

झालं ते असं. चिठ्ठी विश्रामच्या हाती लागली. त्याने ती रापणीच्या बैठकीत मोठ्याने वाचली. मग म्हणाला, डाक्टर म्हणता, ह्या दोगांनी एका जाग्यार काम करूचा नाय. फौजदारान एक दिस खाडो केल्लो नाय. फौजदाराक दम लागना नाय. मग जाऊचा कोणी? चाळीस माणसांनी मान डोलावली. सोनूला रापणीतून काढून घरी बसवला, विश्राम तांडेल झाला. कुत्र्याचा वाटा चालू.

मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हसू आवरलं.

"हसा. तेचो बापूस तांडेल होतो, आज्जो तांडेल होतो. तीन दिस जेवक नाय तो. दम्यान मरूचो नाय, पण ह्या गजालीन मरतलो."

ती डोळे पुसत नव्हती, पण आवाज फाटला होता. मला खरोखर लाज वाटली. औषधाने माणसाला अपाय झाला तर आम्ही पुस्तकात बघतो. चिठ्ठीने झाला तर कुठे बघायचं?

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून तोंडवलीला गेलो. बस, मग खाडी ओलांडायची तर, मग वाळूतून पायपीट. पोचलो तेव्हा रापण ओढणं चालू होतं. विश्रामचा आवाज दांडगा, पण पाणी वाचायची अक्कल तेवढी नव्हती. डावं टोक पुढे पळालं, जाळं दुमडलं, आणि माझ्यासारख्या घाट्यालाही दिसलं की चंदेरी मासे उड्या मारून समुद्रात परत चाललेत. म्हातारी माणसं समुद्राला उद्देशून विश्रामला शिव्या देत होती.

सोनू एका पालथ्या होडीच्या आडोशाला बसला होता. फौजदार त्याच्या मांडीवर डोकं टाकून. मी रागानेच स्टेथोस्कोप काढला आणि सोनूच्या पाठीला लावला. डावीकडे लावला, उजवीकडे लावला. एक शिट्टी ऐकू येईल तर शपथ.

"हा कुत्रा कधीपासून इथे बसलाय?"

"सकाळधरना."

"आणि रात्री कुठे झोपतो?"

"माझ्या गोधडयेत."

"खोलीचं दार?"

"बंद. वारो लागता तेका."

वारा कुत्र्याला लागतो! म्हणजे हा माणूस बंद खोलीत, रात्रभर, कुत्र्याच्या केसांत नाक खुपसून झोपत होता. आणि मी चार खेपांत त्याला तो झोपतो कुठे हे एकदाही विचारलं नव्हतं. मासे विचारले, धूळ विचारली, कोंबडी विचारली. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात केस उडून जात होते. तिथे कुत्रा बाधत नव्हता.

मी रापणवाल्यांना गोळा केलं आणि हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग विश्राम म्हणाला, "ता बरोबर. पण ती चिठी शिक्क्याची आसा. तुमी आता नुसता त्वांडान सांगतास."

"अरे, मीच लिहिली ना ती? मीच फिरवतोय."

"फिरवा. शिक्को खंय?"

शिक्का कट्ट्याला होता. डॉक्टर समोर सदेह उभा, पण त्याचा रबरी तुकडा नाही म्हणून त्याच्या शब्दाला किंमत शून्य. मी दात खाल्ले आणि परत गेलो. वाळू, तर, बस. दुसऱ्या दिवशी शिक्का आणि शाईचं पॅड रुमालात बांधून पुन्हा हजर. होडीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: "रुग्ण व कुत्रा यांनी उघड्यावर एकत्र काम करण्यास हरकत नाही. मात्र बंद जागेत एकत्र झोपू नये." आणि असा शिक्का हाणला की होडी हलली. विश्रामने कागद उलटसुलट करून पाहिला. आदल्या दिवशीचे पळालेले मासे सगळ्यांच्या लक्षात होतेच. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. सोनू उठला, पाण्याकडे बघत उभा राहिला आणि त्याने हाळी दिली. तेवढा मोठा आवाज मी त्या छातीतून कधी ऐकला नव्हता. दोन्ही टोकं सारखी हलली. फौजदाराने दोराचं शेपूट धरलं. 

आठवडाभराने सावित्री बाजारात भेटली. विचारलं, "काय, कुत्रा घराबाहेर झोपतो ना?"

"झोपता. घोवय थयच झोपता."

सोनूने गोधडी उचलून जाळी ठेवायच्या खोपीत नेली होती. खोपी म्हणजे चार खांबांवर माडाच्या झावळ्या. मी त्याला बोलावून खडसावलं, तर त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढली.

"बंद जाग्यात नको म्हणान लिवलासा. खोपयेक भिंती खंय आसत?"

मी छाती तपासली. शिट्टी नाही. चिठ्ठी त्याला परत दिली.

पुढची पाच-सहा वर्षं असंच चाललं. पावसाळ्यात रापण बंद, खोपी मोडायची, दोघे घरात, दार बंद. आषाढ लागला की सोनू टेबलाच्या कडेवर पंजे रोवून हजर. मी इंजेक्शन द्यायचो, शिव्या द्यायचो. तो दोन्ही निमूट घ्यायचा. वर्षातले आठ महिने फौजदाराचे, चार माझे, अशी आमची वाटणी ठरून गेली होती.

मग एका वैशाखात फौजदार म्हातारा होऊन गेला. आषाढ आला तरी सोनू आला नाही. भादव्याच्या शेवटी, रापण पुन्हा सुरू झाल्यावर आला. चालत आला, ताठ. कोपऱ्यात घोंगडीचं बोचकं ठेवलं आणि बसला.

"आयका बगू," म्हणाला.

मी ऐकलं. "स्वच्छ आहे."

"एकय शिटी नाय?"

"नाही. तुझा दमा गेला, सोनू."

त्याने सदऱ्याची बटणं लावली. मग म्हणाला, "दम गेलो, पण नीज येणा नाय. पायाकडे काय नसता. वाटे आता विश्राम लावता. परवा सगळे लावल्यान आणि सवयीन तो धाकटो ढीगय घातल्यान. मगे कोणाक उचलूचो धीर होय ना."

 झोपेच्या गोळ्या द्याव्यात का, या विचारात मी औषधांच्या कपाटाकडे वळलो, तेवढ्यात कोपऱ्यातलं बोचकं कुंईकुंई करायला लागलं.

"हे काय आहे?"

"काय नाय. एक चिठी व्हयी. विश्राम म्हणता, चिठयेशिवाय नयो सुणो रापणीत घेवचो नाय."

पुढची दहा मिनिटं मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बस थांब्यावरच्या लोकांनी ऐकलं, त्यांना पुरे. बोचक्यातून एक काळं नाक बाहेर आलं आणि माझ्या टेबलाचा पाय चाटायला लागलं. सोनू खाली मान घालून ऐकत होता, जसा इंजेक्शन घेताना बसायचा तसा. माझी दमछाक झाली तेव्हा त्याने शिक्क्याचं पॅड माझ्या पुढ्यात सरकवलं.

तीस वर्षांच्या धंद्यात मला एवढंच कळलं. पेशंटचं आधीच ठरलेलं असतं. त्याला आमच्याकडून हवा असतो तो शिक्का. मी कागद ओढला आणि लिहिलं:

"रुग्णास कुत्रा पाळण्यास माझी सक्त हरकत आहे. तो ऐकणार नाही. सबब दोघांना उघड्यावर ठेवावे."

खाली सही केली आणि शिक्का मारला. मी लिहिलेल्यांपैकी शब्दन्‌शब्द पाळली गेलेली ही एकमेव चिठ्ठी.